पांढऱ्या गाडीचा माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. गाडीच्या बाबतीत मी थापा मारते एवढं नवऱ्याला ठाऊक आहे — तो हसून सोडून देतो. पण त्यातली एक थाप कुठवर गेली, ते त्यालाही ठाऊक नाही.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं मुलींचं होस्टेल आहे. ते जरा चालायला लागलं तशी मी नांदेडहून एक जुनी पांढरी अँबॅसिडर आणली. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. मला सारखं बॉनेट उघडून बघायचं असायचं — पेट्रोल येतं कुठून, ठिणगी पडते कुठं, सकाळी चोक ओढल्याशिवाय ही बया जागी का होत नाही? कार्बोरेटर खोलायला मी स्वतः शिकले. नखांतलं काळं जायचं नाही, तरी लई मजा वाटायची.

एकदा रेणापूरकडचा एक बाप पोरीला इथं ठेवावं की नको म्हणून दारात घुटमळत होता. गाडीकडं बघून म्हणाला, "लई जुनी दिसतीय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं — सासऱ्यांची आहे, भूकंपात जखमी माणसं त्यांनी हिच्यातूनच दवाखान्यात आणली. का बोलले मी असं? भूकंपाच्या वेळी ही गाडी नांदेडात इंजिनाविना विटांवर उभी होती, विकणाऱ्यानंच सांगितलं होतं. आणि सासरे? ते तर कापडाच्या दुकानातून हललेसुद्धा नव्हते. पण त्या बापानं लगेच पोरीची पेटी आत आणली. मग येईल त्याला मी तेच सांगत गेले.

पुढं औशाकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले. माझी गोष्ट ऐकली आणि बॉनेटवर हात ठेवून उभेच राहिले. भूकंपात त्यांच्या बायकोला एका पांढऱ्या अँबॅसिडरवाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं होतं. ती वाचली. गडबडीत त्याचं नाव विचारायचं राहिलं. तेव्हापासून अशी गाडी दिसली की ते मालकाला गाठून विचारायचे.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं ना? मी काय केलं — त्यांना ऑफिसात नेलं, सासऱ्यांचा हार घातलेला फोटो दाखवला. ओळखतात का, ते मला बघायचं होतं. खरंच, एवढंच.

"व्हय, हेच की वो बाई," आजोबा म्हणाले. "लई दिस हुडकत हुतो मी." फोटोखालच्या भिंतीला डोकं टेकवून ते रडले.

निदान तिथं तरी थांबावं? मी विचारलं, गाडीत काय काय झालं होतं? त्यांनी सगळं सांगितलं — त्या माणसानं अंगातला सदरा काढून बायकोच्या डोक्याखाली दिला, आणि तिचा डोळा लागू नये म्हणून वाटभर तिला माहेरच्या माणसांची नावं विचारत राहिला. पुढच्या आठवड्यात आलेल्या आईबापांना मी सदऱ्याचं सांगितलं. माहेरच्या नावांचंही सांगितलं. लाज वाटायला हवी होती. गोष्ट छान रंगली याचाच आनंद झाला.

लाज वाटली ती नंतर. दिवाळीला नातीला न्यायला आले तेव्हा आजोबा म्हणाले, "आता कुणाला इचारीत न्हाई बगा. सुटलो."

तो खरा माणूस इथंच कुठंतरी असेल. त्याला शोधणारं एकच माणूस होतं, ते मी थांबवलं. आजोबा अजून आहेत. औसा काही लांब नाही. मी गेलेले नाही.