कव्हरवर लिहिलं होतं, ‘मूळ टेपवरून’

पोलिसात माणूस संशयी होतो म्हणतात. मी भरती होण्याआधीपासूनच होतो. त्या स्वभावाचा मला अभिमानही होता. इंदूरचं टेपचं प्रकरण आठवलं की मात्र अजून स्वतःचाच राग येतो.

मी तेव्हा ठाण्याचा टी.आय., म्हणजे प्रमुख होतो. मल्हारगंजमधल्या सत्तरीच्या एक गायिका तक्रार घेऊन आल्या. तरुणपणी त्यांचा पॉप गाण्यांचा एकच अल्बम निघाला आणि गाजला. त्याची मूळ टेप त्यांनी विश्वासाने आपल्या रेकॉर्डिस्टकडे ठेवली होती. डोळे मिटण्याआधी ती रीमास्टर करून, म्हणजे आवाज स्वच्छ करून, पुन्हा तबकडी काढायची, एवढीच त्यांची इच्छा. रेकॉर्डिस्ट टेप देईना, आणि इकडे बाजारात भलत्याच कुणी काढलेली त्याच गाण्यांची नवी तबकडी आली. कव्हरवर ठसठशीत छापलेलं: ‘मूळ टेपवरून रीमास्टर’.

“त्यानेच विकली, साहेब. चाळीस साल का भरोसा होता माझा,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी खबऱ्याने सांगितलं, की तबकडी काढणारा व्यापारी त्या रेकॉर्डिस्टच्या घरी जाऊन आला होता. मला तेवढं पुरेसं होतं. म्हाताऱ्याला ठाण्यात बसवलं. पहिल्या जबाबात टेप माळ्यावर होती, दुसऱ्यात हरवली. तिसऱ्यांदा विचारलं तर नुसताच घाम पुसत राहिला.

“काका, सीधी बात सांगा. विकली ना?”

“नाही साहेब.”

“मग दाखवा.”

“ते नाही होणार माझ्याने.”

इतका चोरासारखा दिसणारा माणूस मी क्वचितच पाहिला असेल. दुसऱ्या दिवशी अटक करायचं मी मनात पक्कं केलं.

सकाळी दुकानातून दोन सीलबंद तबकड्या पंचनामा करून जप्त केल्या आणि बाईंच्या प्लेअरवर एक लावली. पहिल्याच गाण्यात ‘टक्’ असा आवाज आला, मग ठरावीक अंतराने येतच राहिला. ओरखडा असेल म्हणून दुसरीचं सील फोडून ती लावली. त्याच ओळीवर, तसंच ‘टक्’. एका तबकडीचा ओरखडा दुसरीवर कसा जाईल? तो आवाज मुळातच रेकॉर्ड झालेला होता. आणि अशी टकटक टेपवर नसते, ओरखडा पडलेल्या जुन्या तबकडीवरच असते.

व्यापाऱ्याला बोलावून दोन्ही ऐकवल्या. तो लगेच वाकला. “टेप मिळालीच नाही, सर. काकांनी साफ मना केलं. जुनी घिसलेली रेकॉर्ड कॉम्प्युटरवर साफ करून छापली.”

त्याच्यावर गुन्हा नोंदवला. मग बाईंसमोर, जरा ऐटीतच, मी रेकॉर्डिस्टला सांगितलं, “काका, तुम्ही सुटलात.” म्हातारा हुंदके देऊन रडला. घरी जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत बुरशी चढलेला, चिकटून गोळा झालेला टेपचा लगदा होता.

“माळ्यावर पाणी झिरपलं, ताई. तू मला चोर म्हटलंस ते चाललं. पण तुझी गाणी गेली, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.”

बाईंनी डबा जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, “दादा, विकली असतीस तर बरं झालं असतं रे. कहीं बजती तो सही.”

माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसणारा स्वतःची कातडी वाचवतो, हे मी आयुष्यभर गृहीत धरलं होतं. त्यानंतर गप्प राहणाऱ्या माणसावर मी कधी आवाज चढवला नाही. पण हे शहाणपण आलं तेव्हा निवृत्तीला दोनच महिने उरले होते.