स्क्रीन तीनमधली तोफ

“मॅडम, लवकर वर या. पिक्चर एकदम कडक दिसून राह्यलं, पर आवाज जीरो हाय.”

इरफानभाईंचा फोन आला तेव्हा मी बॉक्स ऑफिसपाशी उभी होते आणि समोर लॉबी गच्च भरली होती. रविवारची सकाळ. यवतमाळच्या आमच्या मल्टिप्लेक्समध्ये मी मॅनेजर झाल्यापासून सकाळच्या शोला एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. नेर, कळंब, बाभूळगावकडची मंडळी आली होती. कुणी बायकोला घेऊन, कुणी अख्ख्या गावाला घेऊन. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, लढाई किती वाजता सुरू होते.

इरफानभाई आमचे प्रोजेक्शनिस्ट. रिळांच्या काळापासून याच कामात. मी जिना चढताना मनाशी म्हणत होते की आवाज नाही यात नवल काय, मूकपटच आहे. पण मूकपटालाही संगीत असतं. ते आम्हाला मिळायला हवं होतं.

आधी स्क्रीन तीनची गोष्ट सांगते, म्हणजे माझा जीव का वरखाली होत होता ते कळेल. आमचे मालक दादासाहेब मूळचे जिनिंगवाले. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापसाचं बिनसत गेलं तसं त्यांनी एक जिनिंग बंद करून त्या जागेवर तीन पडद्यांचं थिएटर बांधलं. दोन पडदे बरे चालायचे. तिसरा, सर्वांत छोटा, रिकामा राहायचा. त्यात ते बोंडअळीचं वर्ष. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, कापूस घरी यायच्या आधीच संपलेला. बाजारात तेजी नव्हती, मग सिनेमाला कोण येणार? दादासाहेबांनी ठरवून टाकलं होतं की तिसऱ्या हॉलच्या खुर्च्या काढायच्या आणि तिथे लग्नाचं कार्यालय करायचं.

मला ते अजिबात मान्य नव्हतं. तो हॉल मी उभा राहताना पाहिला होता. पडदा ताणताना त्याच्यावर एक सुरकुती राहिली, तर मी माणसांना तो पुन्हा ताणायला लावला होता. तिथे पनीरचे स्टॉल लागणार, या विचारानंच माझं डोकं फिरायचं. म्हणून पुण्याच्या एका छोट्या संस्थेचा फोन आला तेव्हा मी हो म्हणून मोकळी झाले. त्यांच्याकडे पहिल्या महायुद्धावरचा एक परदेशी मूकपट होता, नव्यानं दुरुस्त केलेला. अशा दुरुस्तीला रिस्टोरेशन म्हणतात. जुन्या, सडत आलेल्या प्रती देशोदेशी शोधायच्या, जिचा जो भाग चांगला असेल तो घ्यायचा आणि एकेका चित्रावरचे ओरखडे पुसायचे. दर महिन्याला एक असा सिनेमा दाखवायला त्यांना विदर्भात एक पडदा हवा होता.

“एक शो करून पाहा,” दादासाहेब म्हणाले. “हॉल भरला अन् लोकं शेवटपर्यंत बसले, त स्क्रीन ठेवतो. उठून गेले त मंग मी तुमचं काही आयकनार नाही.”

हॉल भरायची जबाबदारी मात्र त्यांनी स्वतःच घेतली. जिनिंगच्या ओळखीवर गावोगाव फोन केले आणि चौकात फ्लेक्स लावला. त्यावर रणगाडा, आग आणि ‘महायुद्ध’ एवढंच होतं. मूकपट हा शब्द गायब. मी विचारलं तर म्हणाले, “मूक लिहिलं त लोकं श्रद्धांजलीची सभा समजतीन. येईन कोन?”

म्हणजे खाली लॉबीत उभी असलेली सगळी माणसं बॉम्बचे आवाज ऐकायला आली होती आणि वर आमच्याकडे संगीतसुद्धा नव्हतं.

बूथमध्ये पुण्याच्या संस्थेचा अनिरुद्ध घामाघूम होऊन लॅपटॉपवर वाकला होता. घोळ लगेच कळला. हल्ली सिनेमा हार्ड डिस्कवर येतो आणि त्याला कुलूप असतं. ते उघडायची किल्ली म्हणजे एक छोटी फाइल, ती ईमेलनं येते. ज्या आवृत्तीची किल्ली, तेवढीच आवृत्ती उघडते. डिस्कवर दोन आवृत्त्या होत्या. एक संगीतासह, दुसरी पूर्ण मुकी, जिथे वादक पडद्यासमोर बसून वाजवतात तिथल्यासाठी. आम्हाला किल्ली आली होती मुक्या आवृत्तीची. आदल्या दिवशी इरफानभाईंनी टेस्ट केली तेव्हा पहिली दोन मिनिटं आवाज आला नाही. सायलेंट पिक्चर आहे म्हणजे असंच असणार, असं समजून त्यांनी ते ओके करून टाकलं होतं.

“दुसरी किल्ली मागवलीये,” अनिरुद्ध म्हणाला. “पण ती परदेशातून येते. तिकडे रविवार आहे, पहाट आहे. आपण शो रद्द करू. संगीताशिवाय दाखवणं हा या कलाकृतीवर अन्याय आहे.”

इरफानभाईंनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “देशभक्तीचे गाने हाय माझ्यापाशी. इंटरव्हलले गाने लावतो त्या लाइनवरून सोडू का?”

अनिरुद्धचा चेहरा असा झाला की मीच इरफानभाईंचा हात धरून तो पेन ड्राइव्ह त्यांच्या खिशात परत ठेवला.

तेवढ्यात दादासाहेब वर आले. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “सांगून टाका लोकायले की मशीन बिघडली. अन् कार्यालयाचं काम सुरू करू.”

मला असा राग आला की विचारू नका. “मशीन ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “मराठी सबटायटल आहेत, चित्र आहे, माणसं बसलीत. शो होणार.” आणि कुणी काही बोलायच्या आत मी खाली पळाले.

पडद्यासमोर उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं. हा सिनेमा बोलका सिनेमा निघायच्या आधीचा आहे. यात कुणी बोलणार नाही. संगीत यायला हवं होतं, ते आलेलं नाही. चित्र मात्र असं आहे की तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. ज्याला बाहेर जायचं त्यानं आत्ता जावं.

कुणी उठलं नाही. मागून एकजण म्हणाला, “आलो तं बसू न मॅडम. एसी तं चालू हाय न?”

दिवे गेले. मी मागच्या दाराशी उभी राहिले. आणि खरं सांगते, पहिलं चित्र आलं तशी मी स्वतःच सगळं विसरले. जुना सिनेमा म्हणजे पाऊस पडल्यासारखी रेघारेघांची फिल्म, हेच माझ्या डोक्यात होतं. इथे शिपायाच्या कोटाचं बटण दिसत होतं. दाढीचे खुंट दिसत होते. शंभर वर्षांपूर्वीचा एक शिपाई पोरगा थेट माझ्याकडे बघून हसला आणि त्याचा पुढचा एक दात तुटलेला होता.

हॉलमध्ये मात्र चुळबुळ सुरू झाली होती. एक शिट्टी आली. “आवाज दे बे!” असं एकजण ओरडलाच. मग पडद्यावर मजकुराची पहिली पाटी आली आणि तिच्याखाली मराठी सबटायटल. मधल्या रांगेतल्या एका बाईनं ते शेजारी बसलेल्या आपल्या सासूसाठी मोठ्यानं वाचलं. पुढच्या पाटीला आणखी दोघांनी वाचलं. थोड्या वेळात अर्धा हॉल पाट्या वाचत होता आणि ज्यांना दिसत नव्हतं ते विचारत होते, “काय म्हनते तो?” आमच्या मल्टिप्लेक्समध्ये बोलायला बंदी आहे. मी टॉर्च हातात घेतला आणि मग गुपचूप बंद केला.

आणि मग ती तोफ आली.

पावसानं रस्त्याचा नुसता चिखल झालेला. सहा घोडे जुंपलेली तोफ चढावर रुतली. चाक अर्धं आत. गाडीवान चाबूक मारतोय, घोड्यांची तोंडं फेसाळलीत. काळ्या मातीत गाडी फसणं काय असतं हे समोरच्या माणसांना सांगायची गरज नव्हती. आधी कुणीतरी जीभ टाळूला लावून जनावरांना देतात तो आवाज दिला. मग दुसऱ्यानं. मग हॉलभर तेच.

“मारू नोको बे, लगाम ढिला सोड!”

“डाव्या बाजूनं घे, डाव्या!”

“वर बसून काय पाहून राह्यले? उतरा न खाली, चाकाले खांदा द्या!”

पडद्यावरचे शिपाई खरंच खाली उतरले आणि त्यांनी चाकाला खांदे लावले. त्यानंतर जे झालं ते मी कुठल्याही सुपरस्टारच्या पहिल्या शोला पाहिलेलं नाही. लोक उभे राहिले, काही खुर्च्यांवर चढले. दोघांची ते घोडे की खेचरं यावरून जुंपली. माझ्या शेजारी कुणीतरी घसा ताणून ओरडत होतं, “चाकामांगं गोटा ठेव! गोटा!” मी वळून पाहिलं तर दादासाहेब. तोफ वर निघाली तशी त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की टॉर्च हातातून पडला.

इंटरव्हलला अनिरुद्ध धावत आला. “आली! संगीताची किल्ली आली! आता पुढचा भाग तरी नीट दाखवू.”

त्याचं बरोबर होतं. पण हॉल माझा होता आणि कसं चाललंय ते मी पाहत होते. मी पुन्हा पडद्यासमोर गेले आणि विचारलं, “म्युझिक आलंय. लावू का?”

पाट्या वाचणारी ती बाई उभी राहिली. “नोको बाई. मंग आमचं आमाले आयकू येनार नाही.”

अनिरुद्धनं कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला मानते.

उत्तरार्धात लढाई होती. ओरडा, शिट्ट्या, सूचना, सगळं पुन्हा झालं. मग धूर हटला आणि कॅमेरा त्या रानावरून हळूहळू फिरू लागला. पडलेले शिपाई, पडलेले घोडे. तो तुटक्या दाताचा पोरगाही त्यात होता. पाटी नव्हती, वाचायला काही नव्हतं. हॉलमधला एकेक आवाज आपोआप बंद होत गेला. कुणी खोकलंसुद्धा नाही. स्पीकर मुके असल्यामुळे ती शांतता भरभरून ऐकू येत होती. अनिरुद्ध माझ्या बाजूला उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. दिवे लागल्यावरही लोक थोडा वेळ बसूनच राहिले.

सोमवारी खुर्च्या काढायला आधीच सांगून ठेवलेला मिस्त्री आला. दादासाहेब स्वतः त्याला घेऊन हॉलमध्ये गेले. लोक खुर्च्यांवर चढले होते त्यामुळे पुढच्या चार रांगा डुगडुगत होत्या. त्यांनी प्रत्येक खुर्ची हलवून पाहिली आणि मिस्त्रीला म्हणाले, “काढू नोको. आवळ.”

मग माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, पुढच्या महिन्यात कोनती लढाई हाय?”

नव्या मॅनेजर मंडळींना मी दोन गोष्टी सांगते. किल्ली कुठल्या आवृत्तीची आहे ते आदल्या दिवशीच पाहून घ्या. आणि घोड्यांचा सिनेमा असेल तर खुर्च्यांचे बोल्टही.