शिंप्याच्या हाताचा पटर

"आधी हात बघू."

मिस्त्रींच्या दुकानात कोणीही गेलं, की पहिलं वाक्य हेच. गिऱ्हाईक खुरपं घ्यायला आलेलं असो की कुऱ्हाडीला दांडा बसवायला, मिस्त्री भात्याजवळून उठत, हात लुंगीला पुसत आणि समोरच्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेत. अंगठा दाबून बघत, मनगट हलवून बघत, पेरांवरून नख फिरवत. नवख्या माणसाला वाटे, आता हे भविष्य सांगणार. एका बाईंनी तर घाबरत विचारलं होतं, "पोरीचं लगीन कधी जमंल?"

"ते ठावं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "खुरप्याचा दांडा मातुर दीड बोट आखूड लागंल."

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल. वस्तूकडे न बघता आधी माणसाकडे बघणारा. आमच्या जुन्नरच्या गल्लीत तो माझ्या वाचनालयाच्या अगदी समोर होता. माझ्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि पंधरा पावलांवर त्यांची ऐरण. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, कारण मिस्त्रींनी स्वतःच एक रीत पाडली होती. सकाळी खिडकीतून डोकावत आणि विचारत, "भाऊ, आज कोण वाचतंय?" परीक्षेची मुलं बसलेली असली, की ते दिवसभर कानशीच घासत. नुसते वर्तमानपत्रवाले असले, की घण उचलत. म्हणत, "पेपरवाल्यांना आवाज चालतो. पेपरात तरी दुसरं काय असतंय?"

मिस्त्री जाऊन आता काही महिने झाले. वाचनालयात बसून हे सावकाश लिहितो आहे. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्यांचा मुलगा चाकणला एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करायचा. मिस्त्रींना त्या मशीनचा भारी अभिमान. "एका केसाचा फरक धरतं! मी मेलो तरी मला जमायचं न्हाई," असं गल्लीभर सांगत. पण त्याच मशीनच्या भावंडांनी केलेली खुरपी आणि विळे बाजारात दोरीला टांगून विकायला येऊ लागले, आणि मिस्त्रींच्या दुकानात हात दाखवायला येणारे कमी झाले. मुलगा म्हणाला, "अब्बा, दिवाळीपर्यंत बघा. न्हाई जमलं तर दुकान बंद करून माझ्याकडं चला." मिस्त्रींनी मान हलवली. एखादं मोठं काम आलं तर दुकान चालेल, नाही आलं तर दिवाळीनंतर ऐरण थंड. एवढं साधं होतं ते. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

आणि काम आलं ते गोल्फचं.

पलीकडे आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला पुण्याच्या एका शेठनी रिसॉर्ट काढलं होतं आणि त्याला लागून गोल्फचं मैदान केलं होतं. तिथला मॅनेजर एका सकाळी वाकलेली काठी घेऊन गल्लीत उगवला. तिला पटर म्हणतात. चेंडू भोकाजवळ आला, की हिरवळीवरून तो हळूच ढकलायची ही काठी. खाली लोखंडाचं तोंड, वर मूठ.

"ह्यानं काय हाणायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"हाणायचं नाही. ढकलायचं."

"काय ढकलायचं?"

मॅनेजरनं खिशातून पांढरा चेंडू काढून दाखवला. मिस्त्री बराच वेळ आळीपाळीनं चेंडूकडे आणि काठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. आधी हात बघू."

काठी सरळ झालीच, पण मिस्त्रींनी न विचारता तिच्या तोंडाला पितळेचा एक तुकडाही जडवला. "वजन एका कुशीला व्हतं. काठी तुमाला वढत व्हती," म्हणाले. मॅनेजरनं दुकानापुढच्या फरशीवर चेंडू ढकलून पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. आठवड्यानं तो परत आला. हातानं घडवलेल्या वस्तूंचं शेठना वेड होतं. पाहुण्यांना वापरायला बारा पटर करा, पसंत पडले तर वर्षभर काम देऊ, असा निरोप होता.

"पावणे कोन कोन हायेत?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोणीही. येतील ते."

"त्यांचे हात?"

"हातांचं काय?" असं म्हणून मॅनेजर गाडीत बसला.

दोन दिवस ऐरण गप्प होती. तिसऱ्या दिवशी मिस्त्री वाचनालयात आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आत बसले होते.

"भाऊ, ज्याचा हात बघितला न्हाई, त्याची वस्तू करायची कशी?"

मी म्हणालो, "सगळ्यांना चालेल असं मधलं माप धरा."

"मधल्या मापाचा मानूस दाखवा मला," मिस्त्री म्हणाले. "एक तरी दाखवा."

मी वाचनालयात नजर फिरवली. एक वाचक अगदी किडकिडीत होता आणि दुसऱ्याला खुर्ची पुरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऐरण वाजू लागली. मिस्त्रींनी तोड काढली होती. पाहुण्यांचे हात मिळत नाहीत ना, मग गल्लीतले घ्यायचे. त्यांनी शिंप्याचा हात बघितला, खाटकाचा बघितला, बांगड्यावाल्या कासारीणमावशींचा बघितला. पोस्टमन, चहावाला, सोनार असे बारा जण झाले. ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड, धामणीच्या लाकडाचे दांडे. प्रत्येक पटर वेगळा. शिंप्याचा हलका, कात्रीसारखा सुळकन जाणारा. खाटकाचा असा, की खाली टेकवला तरी जमीन दबावी. कासारीणमावशींच्या पटरला असा काही तोल होता, की काचेला धक्का लागू नये. मला तेव्हा हे सगळं थोर वाटलं. त्यातली चूक आम्हां दोघांच्याही लक्षात आली नाही.

रविवारी पाहुण्यांपुढे पारख ठरली. मिस्त्रींनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली, बारा पटर जुन्या चादरीत गुंडाळले आणि आम्ही एसटीत बसलो.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"हात हायेत. बारा," मिस्त्री सहज म्हणाले.

कंडक्टर तिकीट फाडून जो पुढे गेला, तो आमच्या बाकापर्यंत परत आलाच नाही.

मैदानावर आणखी एक जण आमच्याआधी येऊन थांबला होता. परदेशी कंपनीचा विक्रेता. त्याच्याकडेही बारा पटर होते, काळेभोर, सगळे एकसारखे. मुठीत यंत्र बसवलेलं. चेंडू ढकलला, की मोबाइलवर आकडे उमटत आणि आतली एक बाई गोड आवाजात सांगे, तोंड किती अंश वळलं, झोका किती लांब गेला. मिस्त्री खेळ सोडून त्या मोबाइललाच कान लावून बसले.

"ही खोटं बोलत न्हाई?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"छे हो. यंत्र आहे."

"कुनाला दुखवूनबी बोलत न्हाई. लई गुनाची हाय."

पारख सुरू झाली. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी चादरीतला एक पटर सहज उचलला आणि लांबूनच चेंडू ढकलला. चेंडू जणू ठरल्या वेळी घरी परतावा तसा भोकात गेला. टाळ्या पडल्या. मिस्त्री माझ्या कानात म्हणाले, "कासारनीचा हाय."

मग एक धिप्पाड बिल्डर पुढे आले. त्यांच्या हातात आला शिंप्याचा. त्यांनी ढकलला तो चेंडू हिरवळ ओलांडून थेट चहाच्या टेबलाखाली. दुसरा तळ्यात. मिस्त्रींना राहवेना.

"अवो साहेब, ते ठेवा! ते शिंप्याचं हाय! तुमी खाटकाचं घ्या!"

बिल्डर हळूहळू वळले. "मी कोणाचं घेऊ?"

"खाटकाचं, साहेब. तुमचा हात अगदी खाटकाचा हाय!" मिस्त्री मनापासून, कौतुकानं म्हणाले.

पुढचा तासभर असाच गेला. ज्याला आपला पटर सापडे, तो हरखून जाई. ज्याला नाही सापडला, तो मिस्त्रींकडे रागानं बघे. आणि कंपनीचे काळे पटर कोणीही घ्यावेत, चेंडू भोकात नाही तरी भोकाच्या आसपास जाईच. कोणी हरखलं नाही, कोणी चिडलंही नाही.

शेवटी शेठ आले. भला माणूस. म्हणाले, "मिस्त्री, माझं मन तुमच्या वस्तूंकडे आहे. पण तुम्हीच सांगा, कुठले ठेवू?"

मी मिस्त्रींच्या सदऱ्याची बाही ओढली. एक शब्द पुरे होता. 'माझे' म्हणायचं, की वर्षाचं काम हातात आणि दुकान शाबूत.

मिस्त्रींनी काळा पटर उचलून दोन बोटांवर तोलला. "साहेब, तुमचा पावणा एक दिस येतो अन् जातो. त्याचा हात तुमाला ठावा न्हाई, मलाबी न्हाई. त्याला हे कंपनीचं द्या. हे कुनाचंच न्हाई, म्हनून समद्यांना चालतंय."

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी धड बोललो नाही. शेवटी न राहवून म्हणालो, "स्वतःच्या हातानं दुकान बंद केलंत."

"मग काय करू, भाऊ? त्या साहेबाच्या हातात शिंप्याचा हात देऊन गप बसू? बघितलं न्हाई का, कसा कावराबावरा झाला बिचारा." थोड्या वेळानं ते स्वतःशीच हसले. "मशीन लई भारी हाय राव."

बारा पटर ज्याचे त्याला वाटले गेले. शिंपी आपल्या पटरनं वरच्या फळीवरचे तागे खाली ओढू लागला. कासारीणमावशी दुकानाचं शटर वर सरकवू लागल्या. मग कोणीतरी मिस्त्रींच्या दुकानापुढे मातीत अॅल्युमिनियमचा पेला पुरला आणि संध्याकाळी गल्लीत गोल्फ सुरू झालं. खाटीक आणि शिंपी यांच्यात रोज वाद.

"चेंडू पेल्याला लागला, म्हंजे गेलाच!"

"लागून भाईर आला की! तू काय बोकड तोलतोयस का?"

वाद मिटवायला मला बोलवत, मी पुस्तकातला माणूस म्हणून. खेळाच्या नियमांचं पुस्तक वाचनालयात नव्हतं. मी शांतता राखा म्हणे आणि आत जाई.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गल्लीत आल्या. त्यांना तोच पटर हवा होता. कासारीणमावशींनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "द्यायची न्हाई मी. माझ्या हाताचा हाय. तुमी तुमचा करून घ्या की!" मिस्त्रींनी बाईंचा हात बघितला आणि चार दिवसांत दुसरा करून दिला. बाई फार खूश झाल्या. पण एका बाईंवर दुकान चालत नाही.

दिवाळी आली आणि गेली. दुकान आवरायच्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या टेबलावर एक पटर आणून ठेवला. माझा हात त्यांनी कधी बघितला, कोण जाणे. पुस्तक देताघेता बघितला असेल. मी तो धरून पाहिला. त्याचं तोंड भलत्याच बाजूला होतं.

"मिस्त्री, हा उलटा झालाय."

"उलटा न्हाई. डावा हाय."

मी उजव्या हातानं लिहितो, उजव्या हातानं जेवतो. पहिलीत असताना डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल धरली, की गुरुजी बोटांवर पट्टी मारत. हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मी पटर डाव्या बाजूनं धरून पाहिला.

त्यानंतर एकदाच त्यांना भेटलो. चाकणला, मुलाच्या फ्लॅटवर, सातव्या मजल्यावर. दार उघडलं ते मिस्त्रींनीच, हातात चकाकता पटर घेऊन.

"पोरानं केला," म्हणाले. "कारखान्यात, साहेबाला इचारून, सुट्टीच्या दिशी. त्याच मशीनवर. मी दुपारचा झोपलो व्हतो तवा माझ्या हाताचं माप घेतलं लेकानं! एवढी वर्सं समद्यांचे हात बघितले, भाऊ. माझा कुनी बघितला नव्हता."

"मग? कसा झालाय?"

मिस्त्रींनी पटर दोन बोटांवर तोलला. डोळे मिटले. "एक केस जड हाय," म्हणाले. मग घाईघाईनं, "त्याला सांगू नका."

मला खेळ दाखवायला ते बाहेरच्या लांब मोकळ्या जागेत आले. गुळगुळीत फरशी, टोकाला लिफ्ट. मिस्त्रींनी पाय जुळवले, मान खाली घातली आणि चेंडू ढकलला. चेंडू असा सरळ निघाला, की आखून दिलेल्या रेघेवरून जावा. नेमकं त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. चेंडू शिस्तीत आत गेला, दार मिटलं, आणि लिफ्ट खाली निघून गेली.

आम्ही दोघं दारापुढे उभे राहिलो. वरचे आकडे उतरत गेले आणि शून्यावर थांबले.

"आता हो?" मी विचारलं.

"येईल की वर," मिस्त्री म्हणाले. पटरवर दोन्ही हात टेकून ते निवांत उभे होते. "लिफ्ट हाय. जाती न् येती."

माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी जिन्यानं उतरलो. पहिल्या वळणावरून वर पाहिलं, तर ते तसेच उभे होते, आकड्यांकडे मान वर करून.

तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. आम्ही बराच वेळ बोललो. चेंडू वर आला होता का, एवढं मात्र मला त्याला विचारता आलं नाही.