विंगेतला आवाज

देवाप्पाला खरखर सहन होत नसे. जयनगरात एका शिंप्याच्या दुकानावर त्याची खोली होती. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी तिथं यायच्या आणि डिस्क होऊन परत जायच्या: लग्नं, मुंजी, कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ. चित्र फिकं असलं तरी गिऱ्हाईक चालवून घेतं, आवाज मात्र नितळ हवा, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो कुणी न विचारताही सांगायचा. निपाणी सोडून या मोठ्या कानडी शहरात येऊन त्याला अर्धं आयुष्य लोटलं होतं, पण कान तिखट ते तिखटच. घरात मिक्सर सुरू झाला की तो उठून गॅलरीत जाई. "त्या कुकरला बी गप बस म्हणून सांगा की एकदा," असं त्याची बायको भाग्यलक्ष्मी म्हणायची आणि मुद्दाम आणखी एक शिट्टी होऊ द्यायची.

असा माणूस मिळाला हे मराठी मंडळाला आपलं नशीबच वाटलं. मंडळाने फार वर्षांपूर्वी बसवलेल्या एका नाटकाची एकुलती एक कॅसेट कपाटात पडून होती आणि वर्धापनदिनाला तिची डिस्क काढायचं ठरलं होतं. तरुण मंडळी म्हणत होती की लिंक पाठवू. म्हाताऱ्यांचा लिंकवर काडीचा विश्वास नव्हता, त्यांना हातात धरता येईल अशी वस्तू हवी होती. डिस्कचं कव्हर दणक्यात छापून आलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: 'आवाज दोन प्रकारे, स्वच्छ केलेला आणि मूळ'.

कॅसेटला बुरशी लागली होती. देवाप्पाने ती जीव मुठीत धरून एकदाच चालवली, संगणकात उतरवून घेतली आणि ऐकून कपाळाला हात लावला. माईक टांगला होता तो नेमका विंगेपाशी. हौशी नाटक म्हटलं की विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टर बसणारच, पण इथं प्रत्येक वाक्य दोनदा येत होतं. आधी एक बाई दबक्या आवाजात ते पुरवायची, मग नट तेच ठणकावून म्हणायचा. नायकाने नायिकेला लग्नाची मागणी घातली तीसुद्धा बाईने सांगितल्यावर. देवाप्पाने चंग बांधला. तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक कुजबुज वेचून त्याने ती बाई नाटकातून काढून टाकली. त्यात कितीतरी आठवडे गेले, पण अखेर सगळ्या नटांना नाटक पाठ होतं असं वाटायला लागलं.

मग मूळ आवाज डिस्कवर घालायची वेळ आली आणि त्याने तो घातलाच नाही. जागा भरपूर होती. पण कुणी ते बटण दाबलं, ती खरखर ऐकली आणि हेच देवाप्पाचं काम असा समज करून घेतला तर? म्हातारी माणसं, कोण बटणं दाबत बसतंय, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. कव्हरं छापून झाली होती, ती तशीच राहिली. बुरशीची कॅसेट मंडळाला विचारून कचऱ्यात गेली. संगणकातली मूळ प्रत त्याने एका मोठ्या लग्नाच्या कामाला जागा हवी म्हणून पुसली. ते मात्र त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

वर्धापनदिन पार पडला आणि काही दिवसांनी प्रतापराव जिना चढून आले. मंडळाचे जुने सभासद. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून बस बदलत आलेले. त्यांनी पिशवीतून डिस्क काढली, मग घरच्या टीव्हीखालच्या प्लेअरचा रिमोट काढून टेबलावर ठेवला.

"यातलं मूळ आवाजाचं बटण कुठलं, अण्णा? मला सापडेना."

खरं सांगायलाच देवाप्पाने तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "प्लेअर जुना असंल की तुमचा, काका. जुन्याला दोन आवाज जमत न्हाईत."

"सरी, ठीक आहे," म्हणत प्रतापरावांनी रिमोट पिशवीत ठेवला आणि ते आले तसे गेले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा हजर. "पुतण्याने नवा प्लेअर आणून दिला. त्यातही लागत नाही. माझंच काहीतरी चुकत असणार."

ते 'माझंच' देवाप्पाला फार लागलं. तरी त्याने एकदा निसटून पाहिलं. "ती खरखर कशाला ऐकायची, काका? स्वच्छ केलाय की आवाज."

"स्वच्छ आहे. फार छान आहे. पण आमची विमला कुठं ऐकू येईना त्यात."

विमला म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मंडळाच्या प्रत्येक नाटकाला विंगेत तीच बसायची. रंगमंचावर कधी आली नाही, पडदा पडल्यावर नमस्कार करायलासुद्धा नाही. घरात तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. "घरीही तसंच होतं," प्रतापराव म्हणाले. "मी बोलता बोलता अडलो की स्वयंपाकघरातून शब्द यायचा. आता अडतो तो अडूनच राहतो."

देवाप्पा म्हणाला, "दोन दिवस द्या, बघतो." बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्याला माहीत होतं. तरी म्हणाला, आणि तेच त्याला जास्त खुपत राहिलं.

दुपारी जेवताना तो नुसता भात चिवडत बसला. भाग्यलक्ष्मीने कारण विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. "एका बाईला पुसून टाकलं मी," तो म्हणाला.

ती म्हणाली, "त्यांनी आणखी एक प्लेअर घ्यायच्या आत जाऊन सांगा. हितं भातात बोटं फिरवून काय हुतंय?"

त्याने आधी होत्या नव्हत्या त्या सगळ्या हार्ड डिस्क धुंडाळल्या. शेवटी एक तुकडा हाती लागला, आणि तो मिळाल्याचा आनंद व्हायच्या आधी त्याला शरमच वाटली. हा तुकडा त्याने वर्धापनदिनाला लावण्यासाठी वेगळा काढला होता. नाटकातून काढलेल्या कचऱ्यातली काही मिनिटं त्यात होती, फक्त कचरा. आपण किती घाण उपसली हे लोकांना कळावं म्हणून त्याने तो भर सभागृहात, आवाज चढवून लावला होता. बाईची कुजबुज ऐकून सभागृह खो खो हसलं होतं. त्याच हशात त्याला शाल मिळाली होती.

आता कानाला हेडफोन लावून त्याने तो नीट ऐकला. बाई नुसती वाक्यं पुरवत नव्हती. मधेच ती कुणाला तरी "सावकाश," म्हणत होती. एका ठिकाणी "घाबरू नकोस, मी आहे," असं म्हणत होती. हे नाटकात कुठेच नव्हतं. इतके आठवडे हाच आवाज चाळत बसलेल्या देवाप्पाला ते एकदाही ऐकू आलं नव्हतं, आणि आपल्या तिखट कानांची त्याला लाज वाटली.

रविवारी तो के. आर. पुरमला गेला. प्रतापरावांनी पाणी दिलं, ते न पिताच तो बोलायला लागला. "प्लेअर चांगलाच हुता, काका. जुना बी आणि नवा बी. मूळ आवाज मीच घातला न्हाई. नंतर पुसून बी टाकला. कॅसेट ऱ्हायली न्हाई. तुमच्याशी खोटं बोललो मी. एवढाच तुकडा शिल्लक हाय."

प्रतापरावांनी नव्या प्लेअरकडे बोट दाखवलं. देवाप्पाने त्या तुकड्याची डिस्क घातली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. विमलाबाईंनी आपल्या दबक्या आवाजात कुणाला वाक्य दिलं, कुणाला धीर दिला, आणि तुकडा संपला.

"हाच लावला होता ना त्या दिवशी?" प्रतापरावांनी विचारलं.

देवाप्पाने मान वळवली. हे त्या दिवशी सभागृहात नसतील, अशी आशा तो वाटभर करत आला होता.

"मी मागच्या रांगेत होतो," ते म्हणाले. "लोक हसायला लागले, त्यात ती काय म्हणाली ते नीट कळलं नाही. परत लावा."