वाढेल त्यानंच पानं उचलायची

माझ्या हातचं जेवून आजवर एकही माणूस अर्धपोटी उठलेला नाही, ही बढाई मी बायकोला लग्नाआधीच मारली होती. चाकणजवळच्या आमच्या गावात उत्सवाच्या पंगतीला वाढपी म्हणून माझा मोठा मान. कुणी पानावर आडवा हात धरला, की मी त्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचो. आमच्या व्याह्यांना तर चपला घालता घालता गाठून घास भरवलाय. लोक हसायचे, तसा मला आणखी चेव चढायचा.

गेल्या वर्षीची एक गोष्ट मात्र मी कधी रंगवून सांगत नाही. गावात भाड्याच्या खोल्यांत राहणारी बीडकडची कामगार मंडळी पहिली शिफ्ट करून साडेतीनला जेवायला आली, तेव्हा कढया रिकाम्या होत्या. आदल्या दिवशी मांडवाचे बांबू त्यांनीच रोवले होते. मी हात जोडले. ती वडापावच्या गाडीकडे वळली.

यंदा स्वयंपाक सांभाळणाऱ्या माझ्या चुलतीनं पहिली पंगत बसताच पातेल्यावर डाव आपटला. "आज जो वाढंल, त्यानंच आपल्या वळीची पानं उचलायची!"

"काकी, मी? उष्टी पानं?"

"व्हय, तूच. कंपनीत क्वालिटीला हायस न्हवं? मग बघ की जरा आपला माल."

मी हसत हसत वाढलं. नेहमीसारखं, शपथा घालून, दोन्ही हातांनी. पंगत उठली, मी पहिल्या पानाशी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

बुंदीचा अख्खा ढीग, त्यावर आमटी ओतलेली. पुढच्या पानावर बुंदी भाताखाली पुरलेली. सख्ख्या मेहुण्यानं पान व्यवस्थित दुमडून ठेवलं होतं. उघडलं, तर 'तुला माझी शपथ' म्हणून वाढलेली सगळी बुंदी आत जशीच्या तशी! कंपनीत पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी मी लाइन थांबवतो, आणि इथे एका ओळीत माझ्याच हातचं दोन टोपल्या अन्न वाया गेलेलं!

काकीनं कढईवरचं झाकण उचललं. बुंदी निम्म्यावर आली होती. "साडेतीनच्या लोकान्ला काय सांगशील? पुन्यांदा हात जोडशील?"



दुसऱ्या पंगतीत मी एकेक डाव वाढत गेलो. "लागली तर हाक मारा, मी इथंच आहे." थेरगावहून आलेले व्याही चकित झाले. "काय पाव्हणं, यंदा हात आखडला?"

मी उष्ट्याची टोपली आणून दाखवली. व्याह्यांनी आत पाहिलं, मग स्वतःच्या पानाकडे पाहिलं आणि शीतही न टाकता जेवले.

साडेतीनला कामगार मंडळी आली, अंगावर कंपनीचे शर्ट तसेच. दारातच थबकली. "हाय का काही?" एकानं विचारलं.

"बसा!" मी इतक्या जोरात ओरडलो की तो दचकला.

बीडचे एक काका दुसऱ्या खेपेला पानावर हात धरून "नगं, नगं" म्हणाले. माझं मनगट शिवशिवलं. तरी दात आवळून मी पुढच्या पानाकडे सरकलो.

"ओ दादा!" मागून हाक आली. काका थक्क होऊन माझ्याकडे बघत होते. "एकदा नगं म्हणलं की निघालात व्हय? आमच्याकडं दोनदा तरी इचारत्यात!"

सगळी पंगत खदखदून हसली. मी परत फिरलो. "किती वाढू?"

"थांब म्हणंस्तोर."

ते "थांब" म्हणाले आणि त्या क्षणी माझा डाव हवेत थांबला. आयुष्यात पहिल्यांदा.

पंगत उठल्यावर मी काकांच्या पानाशी वाकलो. पानावर मिरचीचा एक देठ होता, बस्स. ते पान मी तसंच उचललं आणि काकीला दाखवायला धावत सुटलो.