सासुरवाडीला तीन कॉइलची आंघोळ

आधी कबूल करा, आमच्या हिच्यासमोर हा विषय काढणार नाही. मग सांगतो.

मी तेव्हा शेवगावला हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. जुनी अकरावी, बरं का! व्होल्टला अँपिअरनं भागा, रोध आला. अँपिअरचा वर्ग करून रोधानं गुणा, पॉवर आली. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि त्याचीच मस्ती होती हो अंगात!

मोठ्या दुष्काळाच्या थोडी आधीची दिवाळी. लग्नानंतरचा माझा पहिला दिवाळसण. सासुरवाडी जामखेडकडं, गावात नुकतीच वीज आलेली. मी जाताना काय न्यावं? मिठाई? छे! विजेची शेगडी नेली, जळाली तर असू द्याव्या म्हणून तिच्या दोन जादा कॉइल नेल्या, आणि शाळेतला अँमीटर. हेडमास्तरांना विचारून नेला, चोरून नाही.

संध्याकाळी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, ठणकावून सांगितलं, "मामा, उद्या बंब पेटवायचा नाही. नरकचतुर्दशीची आंघोळ सगळ्यांची विजेवर!"

"पाव्हणं, घरात धा मानसं हायेत," मामा म्हणाले. "दिस उगवायच्या आत उरकाया पायजे. उगवल्यावर न्हाला त्यो नरकात जातो म्हनत्यात."

"ते शास्त्रावर सोडा!"

मामा आणखी काही बोलणार होते, पण मामींनी डोळे वटारले. पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाला नको म्हणतात का कुठं?

मग मी सगळ्यांना गोळा करून शेगडी चालू केली. कॉइल लालभडक! अँमीटरचा काटा पाचावर. "दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. म्हणजे रोध शेहेचाळीस. पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले शेहेचाळीस, साडेअकराशे वॅट!" पोरं आ वासून बघत होती. मला तर चेवच आला. दहा माणसांना एवढ्यानं काय होतंय? मी एका कॉइलच्या शेपटाला दुसरी जोडली. रोध दुप्पट, ब्याण्णव. पंचवीस गुणिले ब्याण्णव, दोन हजार तीनशे वॅट! सोप्पं!

पुन्हा अँमीटर लावून बघितला का, म्हणाल. कशाला? पाच अँपिअर एकदा मोजले होते की!

पहाटे चारला मोठं पातेलं शेगडीवर चढवलं. मामींनी मला पाटावर बसवून तेल चोपडलं, उटणं लावलं. जामखेडकडची थंडी, अंगावर नुसता पंचा. अर्ध्या तासानं मेव्हणीनं, शकूनं, पाण्यात बोट घातलं.

"दाजी, पानी तर गारच हाय."

"कॉइल लाल झालीये का?"

"न्हाई. जरा जरा गुलाबी."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? थांबला असता. मी म्हणालो, "रोध कमी पडतोय!" आणि मेन बंद करून, तेलकट हातांनी तिसरी कॉइल दुसरीच्या शेपटाला जोडून शेगडीच्या त्याच खोबणीत कोंबली. एकशे अडतीस रोध! साडेतीन हजार वॅटला पन्नासच कमी!

अर्ध्या तासानं शकू पुन्हा आली. "दाजी, आता गुलाबी बी न्हाई. काळी ठिक्कर."

"अगं, लाल होणं म्हणजे उष्णता वाया जाणं. आता सगळी पाण्यात चाललीये."

हे मी बोललो. खरंच बोललो. पदवीधर माणूस!

उटणं अंगावर वाळून पापड झालं, दात वाजायला लागले, पूर्वेला तांबडं फुटलं. माझ्यापायी अख्खं घर नरकात जाणार! तेवढ्यात मामा येऊन शेजारी उकिडवे बसले. शेगडीकडं बघत हळूच म्हणाले, "पाव्हणं, मी अडाणी मानूस, रागाला येऊ नका. ह्यो रोध म्हंजी विजंला अडवनारा, व्हय ना?"

"हो."

"मग आमी पाटात एका जागी तीन दगडं टाकली, तर फुडं पानी कमी जातं. तुमची वीज तीन कॉइलीतून पयल्याइतकीच कशी काय जाती?"

मी गुपचूप अँमीटर लावला. काटा दोनाच्याही खाली! म्हणजे जेमतेम पावणेचारशे वॅट. एका कॉइलच्या पॉवरचा तिसरा हिस्सा! जे अँपिअर मी पाच धरून बसलो होतो, ते रोध वाढवला तसे घटत गेले होते. अकरावीची पोरं असली चूक करायची तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करायचो.

"मामा, माफ करा," माझा आवाज रडवेला झाला. "तुम्हा सगळ्यांच्या आंघोळी राहिल्या माझ्यामुळं."

"आमच्या? आमच्या कवाच झाल्या! मागच्या दारी बंब पेटवला हुता. तुमी कॉइल जोडत हुता तवा एकेक जन जाऊन न्हाऊन आलं."

मी वळून बघितलं. सगळी मंडळी न्हाऊनमाखून, नवे कपडे घालून उभी. त्यात आमची हीसुद्धा! पदर तोंडात कोंबून हसत होती.

"अहो, मग मला का नाही सांगितलं?"

"जावयाचं मन कसं मोडायचं?" मामी म्हणाल्या. बिचाऱ्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी घाईघाईनं बंबातलं कढत पाणी बादलीत काढून आणलं. मी पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि भिंतीवर कोवळं ऊन पडलं. दहा माणसांत नरकाचा मानकरी मी एकटा!

"आता माझं कसं व्हायचं गं शकू?" मी आपलं हसण्यावारी न्यायला बघितलं.

"कशाची काळजी करता, दाजी?" शकू म्हणाली. "नरकात लई जाळ असतोय म्हनत्यात. तुमी फकस्त तुमची शेगडी संगं न्या, घटकाभरात समदं गार हुईल!"