नदीवरचा मनाई आदेश

ती मिरवणूक आठवली की आजही माझा हात छातीवरच्या शिट्टीकडे जातो. निवृत्तीनंतर तिथे शिट्टी नसते, सदऱ्याचं बटण असतं. त्या दिवशीही तिथे नुसतं बटण असतं, तर एका भल्या माणसाचं वाटोळं टळलं असतं.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गणपती, यात्रा, आठवडे बाजार, मंत्र्यांचे दौरे, हंगामात केळीच्या ट्रकांनी तुंबलेला हमरस्ता, असे बंदोबस्त आयुष्यभर केले होते. त्यातून एक घमेंड आली होती. वाहतूक म्हणजे वाहतूक, खाली डांबर असो नाहीतर पाणी, असं मला मनापासून वाटायचं. पोहता मात्र येत नव्हतं. ही गोष्ट मी सेवेत कुणालाही सांगितली नाही, आज तुम्हाला सांगतो.

आमच्या हद्दीतल्या एका गावात दर आषाढात तापीमाईचा जन्मोत्सव होतो. नदीला साडीचोळी वाहतात, आरती करतात. त्या वर्षी उत्सव समितीने ठरवलं की सजवलेल्या बारा नावांची मिरवणूक काढायची. अलीकडच्या घाटावरून निघायचं, पलीकडच्या महादेवाच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुढे बंधारा असल्यामुळे पाणी फुगून पसरलेलं असायचं. दिसायला संथ, दोन पुरुष खोल, पण मधोमध धार ओढीची.

आठवडाभर आधी ठाण्यात बैठक घेतली. समितीची पोरं होती, सरपंच होते आणि नावाड्यांच्या वतीने आबा आले होते. आबा म्हणजे त्या घाटावरचा सगळ्यात जुना नावाडी. साठी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा. पलीकडे केळीची शेती असलेले शेतकरी, मजूर, शाळेतल्या बाई, सगळे त्याच्याच नावेतून ये-जा करायचे. घाटावर उतारू वाहण्याची परवानगी ग्रामपंचायत दरवर्षी देत असे, आणि कित्येक वर्षं ती त्याच्याचकडे होती. त्याचं घर त्यावरच चालायचं.

मी फळ्यावर खडूने नदी काढली. नावांना एक ते बारा नंबर दिले, अंतर ठरवलं, जाताना डावी बाजू, येताना डावी बाजू.

आबा फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, बठ्ठ्या नावा एकदम नका सोडू. चार जाऊ द्या, त्या लागन्या का मंग चार. मधमा धार शे."

मी म्हणालो, "आबा, वाहतूक माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त नाव चालवा."

"वाहतूक तुमनी," आबा म्हणाला, "पन पानी कोनं शे?"

पोरं हसली. मीही हसलो. हसण्यावारी नेलं की सूचना मानायची गरज उरत नाही, ही युक्ती आमच्या खात्यात फार जुनी आहे.

मग लेखी आदेश काढायचा होता. आता खरं सांगतो. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताचा आदेश संगणकात होता. तोच उघडला, तारीख बदलली, 'मिरवणूक मार्ग' या शब्दांपुढे नदीचं नाव टाकलं, सही ठोकली. खालचा मनाईचा मजकूर वाचला नाही. सही करताना अधिकारी मजकूर वाचतात, हा लोकांचा गैरसमज आहे.

मिरवणुकीच्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी फुलून गेले होते. नावांना केळीचे खांब बांधलेले, झेंडूच्या माळा, पुढच्या नावेत नदीला नेसवायची हिरवी साडी. मी घाटावरच्या मंडपात ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभा. अंगात जीवरक्षक जाकीट, तेही पाठचं पुढे. हे मला फोटो पाहिल्यावर कळलं.

नावा निघाल्या. पहिली दहा मिनिटं रांग इतकी सरळ होती की मला स्वतःचा अभिमान वाटला. तेवढ्यात प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांच्यासाठी मोठ्या इंजिनाची वेगळी नाव ठेवली होती, ती सगळ्यांच्या पुढे न्यायची होती. समितीचा अध्यक्ष कानाशी लागला, "साहेब, रांग जरा थांबवा ना."

रस्त्यावर मी हे हजारदा केलं होतं. लांब शिट्टी मारली आणि ओरडलो, "सगळ्यांनी आहे तिथेच थांबा! इंजिनं बंद करा! पाहुण्यांना वाट द्या!"

इंजिनं बंद झाली. रस्त्यावरची गाडी इंजिन बंद केलं की थांबते. नाव थांबत नाही. धारेने नावा आडव्या घेतल्या. चार नंबरची नाव आबाची. ती फिरली, वल्ह्याला दाद देईना, आणि मागच्या पाच नंबरच्या नावेवर कडेने आदळली. पाच नंबरमध्ये बाया होत्या. त्यांत शाळेतल्या बाई नावेच्या काठावर हात ठेवून बसल्या होत्या. तो हात दोन नावांच्या मध्ये सापडला.

जीव कुणाचा गेला नाही. पण बाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची निकामी झाली. त्या मुलांना अक्षर शिकवत होत्या.

संध्याकाळी गाव ठाण्यावर आलं. "कारवाई करा" म्हणाले. मलाही कारवाई हवीच होती. कुणावर तरी झाली की माझ्यावर होणार नव्हती. आबावर गुन्हा दाखल केला. रस्त्यावर बेदरकार गाडी चालवल्याचं कलम मला तोंडपाठ, तेच लावलं. नावेचं कलम त्याच्या लगेच पुढचंच आहे, पण तिथवर मी उभ्या सेवेत कधी वाचलं नव्हतं. आबाची नाव जप्त केली.

मग माझ्या एका जुन्या खबऱ्याला फोन लावला. घाटाजवळ त्याची पानाची टपरी होती. मी विचारलं, "काय रे, आबा पिऊन होता का?"

तो म्हणाला, "असंल, साहेब. सकायपासून डोये लालच व्हतात."

झाली खबर! नवीन अधिकाऱ्यांना मी नंतर सांगत असे की, खबऱ्याला बातमी विचारावी, उत्तर विचारू नये. साहेबांना काय ऐकायचंय हे त्याला साहेबांच्या आधी कळतं. आबाने दारू सोडून पंधरा वर्षं झाली होती, हे गावात शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण मी पोरांना विचारलं नाही.

वैद्यकीय तपासणीला त्याला तेव्हाच पाठवायला हवं होतं. पण गर्दी होती, वरिष्ठांचे फोन होते. रक्ताचा नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला गेला. त्यात काय निघणार? काहीच निघालं नाही. त्यामुळे तो प्यायलेला होता हे मला सिद्ध करता आलं नाही आणि नव्हता हे त्याला कधीच सिद्ध करता येणार नव्हतं. आबाची अब्रू माझ्या त्या एका दिरंगाईत गेली.

जबाब घ्यायला त्याला समोर बसवलं.

"आबा, किती घेतली होती?"

"मी पेत नही साहेब."

"मग नाव आवरली का नाही?"

"बांबू नव्हता ना."

"इंजिन होतं, वल्हं होतं. चाळीस वर्षं नाव चालवता आणि बांबूचं निमित्त सांगता?"

"धारमा उभं ऱ्हावाले बांबूच लागस. तळले रोवना का नाव हालत नही."

"मग बांबू घरी विसरलात?"

आबाने माझ्याकडे पाहिलं. विचित्र नजर होती ती. मी त्या वेळी ती गुन्हेगाराची नजर समजलो. तो खाली मान घालून म्हणाला, "नव्हता, एवढंच लिखा."

मी लिहिलं. पुढे स्वतःच्या मनाने एक वाक्य जोडलं: 'आरोपी समाधानकारक खुलासा देत नाही.'

चौथ्या दिवशी मी मेजाशी चहा पीत बसलो होतो. मुद्देमाल सांभाळणाऱ्या महिला हवालदार आत आल्या. बाई कामाला चोख, एक सुई जमा झाली तरी तिची नोंद करणाऱ्या.

"सर, त्या बारा बांबूंचं काय करायचं?"

"कोणते बांबू?"

"मिरवणुकीतले. शाळेमागे रचून ठेवलेत. पोरं त्यांवर उड्या मारतात, एखाद्याला लागायचं."

"पण ते आले कुठून?"

हवालदारबाईंनी शांतपणे माझाच आदेश पुढे ठेवला. मनाईच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. 'मिरवणुकीत काठ्या, सोटे, बांबू अथवा तत्सम वस्तू बाळगण्यास सक्त मनाई आहे.' खाली माझी सही, ऐटदार, शेपटी काढलेली. घाटावरच्या आमच्या माणसांनी हुकमाची तामिली केली होती. प्रत्येक नावेतला एकेक लांब बांबू काढून घेतला होता. नावाडी कुरकुरले, तेव्हा त्यांना आदेश वाचून दाखवला होता. तामिलीत कसूर नव्हती.

चहा तसाच राहिला. नावांना थांबायचं साधन मी आधी काढून घेतलं आणि मग त्यांना थांबायचा हुकूम दिला. उभ्या नोकरीत एवढा सबळ पुराव्याचा गुन्हेगार मला दुसरा सापडला नाही.

लगेच आबाकडे गेलो. तो दारात जाळं विणत होता. मी विचारलं, "आबा, बांबू पोलिसांनी काढून घेतले हे तुम्ही बोलला का नाहीत?"

तो गोंधळला. "तुमले माहीत नव्हतं?"

"नाही."

"तुमनाच हुकूम व्हता ना साहेब. मले वाटनं, तुमले माहीत शे. मंग सांगनं म्हंजे उलट बोलनं."

आता माझं काम सोपं होतं. खरं काय ते अहवालात लिहायचं. कागद समोर घेऊन मी बसलो, दोनदा सुरुवात केली. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. खात्यांतर्गत चौकशी झाली असती, वेतनवाढ थांबली असती, वर्तमानपत्रात माझ्या आदेशाचा फोटो आला असता, त्या शेपटीसकट. शेवटी लिहिलं: 'नदीच्या प्रवाहाला अचानक ओढ वाढल्याने अपघात घडला. नावाड्याचा निष्काळजीपणा दिसून येत नाही.' गुन्हा निकाली निघाला, नाव परत केली, बांबूही परत केले. वरून शाबासकी आली, तपास तत्परतेने पूर्ण केल्याबद्दल.

आबा कागदावर सुटला, गावात सुटला नाही. लोक म्हणाले, साहेबांनी दया दाखवली, म्हातारा पिऊनच होता. मी आणि माझ्या खबऱ्याने मिळून सोडलेली ती अफवा अहवालापेक्षा जोरात पळाली. उतारू त्याच्या नावेत बसायला बिचकू लागले. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीने घाटाची परवानगी दुसऱ्याला दिली. ठरावात कारण लिहिलं होतं, 'प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी.' ते शब्द आमच्याच आदेशातले.

निवृत्तीनंतर एकदा चोपड्याच्या बाजारात आबा भेटला. केळी भरण्याच्या एका वखारीवर राखणदार होता. खुर्चीत बसलेला आबा मी पहिल्यांदाच पाहिला. शेजारी बसलो. म्हणालो, "आबा, चूक माझी होती. सगळी माझीच होती."

"मले काय सांगतस साहेब?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मले ते पहिला दिनपासून माहीत शे. गावले सांगा."

मी "हो" म्हणालो. त्यानंतर त्या गावाने मला एका समारंभाला बोलावलंही. शाल, श्रीफळ, भाषण. सगळं गाव समोर बसलं होतं. पुढच्या रांगेत त्या शाळेतल्या बाईही होत्या, उजवा हात पदराखाली. मी माईक घेतला आणि वीस मिनिटं रस्ता सुरक्षेवर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या प्रकरणाने काय शिकवलं, ते सांगतो. पाण्यावर पाण्यातल्या माणसाचं ऐकावं आणि सही करण्यापूर्वी मजकूर वाचावा, हे तर कुणीही सांगेल. मला कळलं ते निराळं. तपास सत्यापाशी पोहोचला की संपतो, असं आम्ही मानतो. सत्य ज्याच्या कामाचं आहे त्याच्या दारापर्यंत ते नेऊन पोहोचवणं, हाही तपासाचाच भाग आहे. तो मी अर्धवट सोडला.

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं, तर यात गावाचं नाव नाही, आबाचं नाही, माझंही नाही. अशा आठवणींत नावं घेऊ नयेत असा आमच्यात संकेत आहे, निर्दोष माणसाची बदनामी होऊ नये म्हणून. इथे निर्दोष माणसाचं नाव घ्यायलाच हवं होतं. त्या संकेतामागे या खेपेलाही मीच लपलो आहे.